स्वादुपिंडाच्या वाटेला

शल्यचिकित्सा शिकणाऱ्यांच्या कानावर एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे: स्वादुपिंडाच्या वाटेला जाऊ नका. जठरामागे आडवी पसरलेली ही जेमतेम १५ सेंटिमीटरची ग्रंथी दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस बनवते. त्या रसातली प्रथिने फोडणारी द्रव्ये ग्रंथीत असेपर्यंत सुप्त असतात आणि आतड्यात उतरल्यावरच कामाला लागतात. ती ग्रंथीतच जागी झाली तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते, ही कल्पना प्रागचे विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये मांडली. हाच स्वादुपिंडदाह. पोटात उठून थेट पाठीत जाणारी कळ, उलट्या, ताप अशी त्याची लक्षणे. बहुतेक रुग्ण काही दिवसांत सावरतात. थोड्यांच्या मात्र जिवावर बेतते.

असे असूनही गेल्या अर्धशतकात डॉक्टरांनी या ग्रंथीच्या दाराशी लाखो वेळा हात घातला. तो स्वादुपिंडासाठी क्वचितच होता, बहुतेकदा शेजारच्या पित्तनळीसाठी होता. यकृतातून पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडातून रस आणणारी नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला, व्हाटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका उंचवट्यावर, बहुधा एकाच छिद्रातून उघडतात. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून एकच दिंडी असावी, तसे हे आहे. पित्ताच्या बिऱ्हाडात जाऊ पाहणाऱ्याचा धक्का शेजाऱ्याला लागतोच. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यूजीन ओपी यांनी एका शवविच्छेदनात नेमके हेच पाहिले होते: एक छोटा पित्तखडा या सामाईक छिद्रात अडकला होता आणि स्वादुपिंड दाहाने नासले होते. पुढे जे काम खड्याने केले होते, तेच डॉक्टरांच्या नळीकडूनही घडू लागले. तो धोका ओळखायला, मोजायला आणि कमी करायला किती काळ लागला, त्याची ही हकिकत.

दुर्बीण आतड्यात पोचते

१९६० च्या दशकापर्यंत पित्तनळीत खडा आहे की गाठ, हे नक्की सांगणे अवघड होते. कावीळ झालेल्या रुग्णाच्या यकृतात बाहेरून सुई घालून एक्स-रे काढायचा किंवा सरळ पोट उघडायचे, असे दोनच मार्ग होते. पोट उघडून पित्तनळीतला खडा काढला की नळीत रबरी ट्यूब ठेवावी लागे आणि रुग्ण कित्येक दिवस रुग्णालयात पडून राही. वृद्ध रुग्णांना ही शस्त्रक्रिया सोसत नसे.

वाट मोकळी झाली ती काचतंतूंमुळे. १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातून तिथे शिकायला गेलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या लवचिक जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेऊन दाखवली. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या अॅन आर्बरला बेसिल हर्शोविट्झ यांनी त्या तत्त्वावर जठरात घालायची लवचिक दुर्बीण तयार केली आणि रुग्णाला देण्याआधी ती स्वतः गिळून पाहिली. दुर्बीण जठरात पोचल्यावर पुढे आतड्यात उतरणे ओघानेच आले.

१९६८ मध्ये वॉशिंग्टनचे सर्जन विल्यम मॅक्यून यांनी दोन सहकाऱ्यांसह पहिला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी दुर्बिणीला बाहेरून एक बारीक प्लॅस्टिकची नळी जोडली, तिचे टोक त्या उंचवट्याच्या छिद्रात घातले आणि एक्स-रेवर दिसणारे औषध आत सोडले. यश मिळाले ते चौघांतल्या एखाद्याच रुग्णात. त्यांची दुर्बीण या कामासाठी घडवलेली नव्हती, त्यामुळे एवढे जमले हेही पुष्कळ होते.

खरी झेप जपानने घेतली. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे मोठे होते, म्हणून जठराच्या आत पाहण्याच्या तंत्रात जपानी डॉक्टर आणि कारखानदार आधीपासूनच पुढे होते. तोक्योचे इतारू ओई आणि त्यांचे समकालीन यांनी माचिदा व ऑलिंपस या कंपन्यांच्या मदतीने बाजूला पाहणारी दुर्बीण विकसित केली. आतड्याच्या भिंतीवरचा तो उंचवटा आता समोर दिसू लागला आणि नळीची दिशा दुर्बिणीच्या टोकाशी असलेल्या छोट्या पट्टीने बदलता येऊ लागली. इंग्लंडचे तरुण डॉक्टर पीटर कॉटन यांनी जपानला जाऊन हे तंत्र शिकून घेतले. १९७२ मध्ये त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकात या तंत्रासाठी ‘ईआरसीपी’ हे लघुरूप आले आणि तेच जगभर रूढ झाले.

पुढच्या दोनच वर्षांत हे निदानाचे तंत्र उपचाराचे झाले. जर्मनीतल्या एर्लांगेनला माइनहार्ड क्लासेन आणि लुडविग डेमलिंग यांनी, तर जपानमध्ये क्योतोला केइची कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने त्या छिद्राभोवतीचा स्नायू कापून खडा आतड्यात आणण्याची रीत १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. इटलीच्या रुज्जेरो ओड्डी यांनी १८८७ मध्ये वर्णन केलेला हा स्नायू आता पोट न उघडता कापता येऊ लागला. लवकरच हाम्बुर्गचे निब सोहेंद्र यांनी अडलेल्या पित्तनळीत प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवून दाखवला. मोठ्या शस्त्रक्रियेची जागा तासाभराच्या कामाने घेतली.

मोजदाद सुरू होते

धोका पहिल्यापासून दिसत होता. छिद्राशी वारंवार टोचाटोची झाली की तो भाग सुजतो आणि स्वादुपिंडाचा रस अडतो. नळी चुकून शेजारच्या वाटेत शिरते, तिथे औषध दाबाने भरले जाते. कापताना विजेची धग लागते. यातले काहीही सुप्त द्रव्यांना जागे करायला पुरते. पण असे किती जणांना होते, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. प्रत्येक डॉक्टरला आपले चार-सहा रुग्ण तेवढे आठवत.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून बिल्बाओ आणि सहकाऱ्यांनी १०,४३५ तपासण्यांचा हिशेब मांडला. सुमारे ३ टक्के रुग्णांत गुंतागुंत आणि हजारात दोन मृत्यू, असा तो हिशेब होता. नवशिक्या डॉक्टरांच्या हातून अपयशही अधिक येते आणि इजाही अधिक होते, हेही त्यात दिसले. मात्र हे आकडे डॉक्टरांनीच स्वतःबद्दल आठवून दिलेले होते.

शिवाय दाह कशाला म्हणायचे यावर एकमत नव्हते. ईआरसीपीनंतर अनेकांच्या रक्तात अमायलेज नावाचे द्रव्य वाढते, पण त्यांना काही त्रास होत नाही. त्यांना मोजायचे की नाही? १९९१ मध्ये कॉटन यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या एका गटाने व्याख्या ठरवली. नव्याने उठलेली किंवा वाढलेली पोटदुखी, तपासणीला २४ तास उलटल्यावरही अमायलेज नेहमीच्या किमान तिप्पट, आणि त्यामुळे रुग्णालयात राहावे लागणे, या तिन्ही गोष्टी असतील तरच दाह म्हणायचे. दोन-तीन दिवस राहावे लागले तर सौम्य, चार ते दहा दिवस लागले तर मध्यम, त्याहून जास्त तर तीव्र. ही व्याख्या ढोबळ होती. तरीही पहिल्यांदाच तोक्यो, लंडन आणि न्यूयॉर्कमधले आकडे शेजारी ठेवून ताडता येऊ लागले.

या पायावर १९९६ मध्ये मार्टिन फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी या विषयातला सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडातल्या १७ संस्थांमध्ये स्नायू कापून उपचार झालेल्या २,३४७ रुग्णांचा त्यांनी पाठपुरावा केला. ९.८ टक्के रुग्णांत काही ना काही गुंतागुंत झाली आणि ५.४ टक्के रुग्णांत स्वादुपिंडदाह. दर वीस रुग्णांमागे एक, हे प्रमाण आठवणीतल्या अंदाजांपेक्षा बरेच मोठे होते.

त्याहून मोलाचे होते ते धोका कोणाला, याचे उत्तर. वृद्ध, कावीळ झालेले, नळीत खडा किंवा गाठ असलेले रुग्ण, म्हणजे ज्यांना या उपचाराची खरी निकड होती, ते बहुधा निभावून जात. दाह व्हायचा तो तरुण स्त्रियांना, ज्यांचे रक्ताचे अहवाल जवळपास नॉर्मल आणि पोटदुखीचे कारण अस्पष्ट. ओड्डीचा स्नायू नीट सैल होत नाही असा संशय घेऊन ज्यांच्यावर हा उपचार झाला, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण २१.७ टक्क्यांवर गेले. ज्यांना ईआरसीपीची गरज सर्वांत कमी, त्यांनाच ती सर्वांत घातक, असा निष्कर्ष कॉटन यांनी पुढे काढला.

औषधांची रांग, आणि एक विरोधाभास

धोका मोजला गेल्यावर तो टाळणाऱ्या औषधाचा शोध जोरात सुरू झाला. तर्क सरळ होता: स्वादुपिंडाचा स्राव थांबवा, किंवा जागी होणारी द्रव्ये बांधून ठेवा. सोमॅटोस्टॅटिन, ऑक्ट्रिओटाइड, कॅल्सिटोनिन, ग्लुकॅगॉन, अॅप्रोटिनिन, स्टेरॉइड, अॅलोप्युरिनॉल, इंटरल्यूकिन-१० अशी एकामागून एक औषधे चाचणीला लागली. कुठे लहान चाचणीत आशा दिसे, मोठ्या चाचणीत ती विरून जाई. १९९६ मध्ये इटलीत गॅबेक्सेट या औषधाने ४१८ रुग्णांत दाह ८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. पण ते औषध कित्येक तास शिरेतून द्यावे लागे आणि नंतरच्या चाचण्यांत तो फायदा टिकला नाही.

मार्ग सापडला तो औषधाऐवजी हातांच्या कौशल्यात. नळीतून आधी एक्स-रेवर दिसणारे औषध न सोडता एक मऊ तार पुढे सारून पित्तनळीची वाट पक्की करायची आणि मगच औषध भरायचे, या सवयीने दाह कमी होतो असे २००० नंतरच्या चाचण्यांत दिसले. दुसरा उपाय प्रथमदर्शनी विसंगत वाटणारा होता. ज्या स्वादुपिंडनळीला धक्का लागू नये म्हणून सगळी धडपड, तिच्यातच मुद्दाम एक बारीक प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवायचा. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची ही नळी सुजलेल्या छिद्रातूनही रस वाहता ठेवते आणि काही दिवसांत बहुधा आपोआप गळून आतड्यावाटे निघून जाते. १९९८ मध्ये पॉल टार्नास्की आणि सहकाऱ्यांनी स्नायू घट्ट असलेल्या रुग्णांत दाहाचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. अडचण एवढीच, की स्टेंट ठेवायला गेले आणि तो बसलाच नाही, तर रुग्णाचा धोका उलट वाढतो. अनुभवी हातांचाच हा उपाय.

जुन्या औषधाची नवी नेमणूक

याच काळात फिनलंडमध्ये एका प्रयोगशाळेत दाह वाढवणाऱ्या फॉस्फोलायपेज ए-२ या द्रव्यावर वेगवेगळी औषधे तपासली गेली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत इंडोमेथासिन आघाडीवर होते. सांधेदुखीसाठी १९६० च्या दशकापासून वापरात असलेले, पेटंट केव्हाच संपलेले हे औषध. त्याचेच भावंड डायक्लोफेनॅक घेऊन २००३ मध्ये ग्लासगोत २२० रुग्णांवर चाचणी झाली. तपासणीनंतर १०० मिलिग्रॅमची एकच गोळी गुदद्वारातून दिली. दाह १५.५ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००७ मध्ये तेहरानच्या डॉक्टरांनी इंडोमेथासिनची एक मात्रा ४९० रुग्णांत तपासली आणि प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांचा असा फायदा मात्र चाचण्यांत दिसला नाही.

तरीही मोठ्या केंद्रांतले डॉक्टर सावध होते. महागड्या औषधांची रांग पडलेली त्यांनी पाहिली होती. मग एवढी साधी गोळी कशी चालेल? ही शंका दूर केली ती जोसेफ एल्मन्झर आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधल्या चाचणीने. मिशिगनसह अमेरिकेतल्या चार केंद्रांत जास्त धोक्याच्या ६०२ रुग्णांना ५० मिलिग्रॅमच्या दोन इंडोमेथासिन सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या गोळ्या) किंवा दिसायला तशाच बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या गेल्या. बिनऔषधाच्या गटात १६.९ टक्के, तर औषधाच्या गटात ९.२ टक्के रुग्णांना दाह झाला. मध्यम व तीव्र दाहही निम्म्यावर आला. विशेष म्हणजे यातल्या बहुतेकांना स्टेंटही ठेवला होता, त्यावर हा जास्तीचा फायदा.

मग गोळी सगळ्यांनाच द्यावी की फक्त धोक्यातल्यांना? २०१६ मध्ये चीनमधल्या सहा केंद्रांत २,६०० रुग्णांवर याचा निवाडा झाला. सर्वांना तपासणीआधीच गोळी दिली तेव्हा दाह ४ टक्के, निवडक रुग्णांना नंतर दिली तेव्हा ८ टक्के. दुर्बीण-तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या युरोपीय संघटनेने २०१० मध्येच ही गोळी नेहमीच्या वापरासाठी सुचवली होती. २०२० मध्ये तिने, काही प्रतिबंध नसल्यास, सर्वांना तपासणीच्या अगदी आधी देण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे डायक्लोफेनॅकची सपोझिटरी थोड्या रुपयांत मिळते. अमेरिकेत मात्र इंडोमेथासिनच्या सपोझिटरीची किंमत पंधरा वर्षांत दोन-तीन डॉलरवरून शेकडो डॉलरवर गेली. औषध जुने, पेटंट नाही, फक्त उत्पादक मोजके आणि मागणी नवी.

काय टिकले, काय गळाले

गोळी लागू पडल्यावर प्रश्न आला की बाकीच्या उपायांची गरज उरली का. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या चाचणीत भरपूर सलाइन दिल्याने दाह टळतो असे दिसले होते. नेदरलँड्समधल्या २२ रुग्णालयांनी ८२६ रुग्णांत ते पडताळले. गोळीबरोबर जास्तीचे सलाइन दिले तरी फरक पडला नाही: ८ विरुद्ध ९ टक्के. स्टेंटबाबत मात्र निकाल उलटा आला. २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २० केंद्रांतल्या १,९५० जास्त धोक्याच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. फक्त गोळी घेतलेल्यांत दाह १४.९ टक्के, गोळी आणि स्टेंट दोन्ही मिळालेल्यांत ११.३ टक्के. थोड्या धोक्याच्या रुग्णाला गोळी पुरते. मोठ्या धोक्यात स्टेंटला पर्याय नाही.

झालेला दाह बरा करणारे खास औषध आजही नाही. रुग्णाला सावरून धरायचे: वेदना शमवायच्या, बेताने सलाइन द्यायचे, झेपेल तितक्या लवकर खायला सुरुवात करायची. पूर्वी सलाइनचा मारा केला जाई. २०२२ मध्ये भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिकोतल्या केंद्रांनी मिळून केलेली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण जास्त सलाइन घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साचले. बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६.३ टक्के होते. आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही. ज्या थोड्यांचे स्वादुपिंड सडते आणि त्यात जंतुसंसर्ग होतो, त्यांचे पोट तातडीने उघडण्याची रीतही २०१० मधल्या डच चाचणीनंतर मागे पडली. आधी नळी घालून पू काढायचा आणि गरज उरली तरच पुढचे पाऊल टाकायचे, या क्रमाने मृत्यू व गंभीर गुंतागुंत मिळून ६९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली.

तरी सर्वांत मोठा फायदा यातल्या कुठल्याच उपायाने दिलेला नाही. १९९० च्या दशकात एमआरसीपी आली. दुर्बीण न घालता, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने पित्तनळीचे चित्र मिळू लागले. टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असलेली दुर्बीणही त्या छिद्राला न शिवता खडा शोधू लागली. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने स्पष्ट सांगितले की गुंतागुंत टाळण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे अनावश्यक ईआरसीपी टाळणे. त्यावर शेवटची मोहोर २०१४ च्या चाचणीने उठवली, आणि तिचे नेतृत्व खुद्द कॉटन यांनी केले. पित्ताशय काढल्यानंतरही पोट दुखणाऱ्या २१४ रुग्णांपैकी काहींचा ओड्डीचा स्नायू कापला, इतरांचा कापल्याचे नुसते भासवले. कापलेल्यांपैकी २३ टक्के बरे झाले, न कापलेल्यांपैकी ३७ टक्के. दाहाचा धोका ज्यांनी सर्वाधिक सोसला, त्यांना मुळात फायदाच नव्हता. ज्याने तंत्राला नाव रूढ करून दिले, त्यानेच त्याची सीमा आखून दिली.

पित्तनळीत खरोखर खडा अडकला असेल, कावीळ वाढत असेल किंवा नळीत पू झाला असेल, तर ईआरसीपी आजही जीव वाचवते. तेव्हा तिला घाबरून दिवस ढकलू नयेत. पण डॉक्टरांनी ती सुचवली, तर मोकळेपणाने विचारावे: निदानासाठी एमआरसीपी पुरेल का? हे काम नियमित करणाऱ्याच्या हातून होणार आहे का? मूत्रपिंडाचा विकार किंवा त्या औषधाची अॅलर्जी नसेल, तर आधी सपोझिटरी देणार का? आणि तपासणीनंतर एक-दोन दिवसांत पोटात कळ उठून पाठीत जाऊ लागली, तर गॅस झाला असे समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.